बडनेऱ्यात घर घ्यावे काय? दुकानदाराचा हिशेब

अमरावतीत भाडी वाढली की आमच्या व्यापारी बांधवांची नजर बडनेऱ्याकडे वळते. अकोल्याचे लोक त्याच कारणाने बोरगाव मंजूकडे पाहतात. जागा स्वस्त, अंगण मोठे. यात वावगे काही नाही. पण भाव विचारण्याआधी अंतराचा हिशेब मांडावा, असे आम्ही म्हणतो.

अमरावती ते बडनेरा साधारण 10 किलोमीटर. दुपारी जेवायला घरी येणाऱ्या दुकानदाराचे दिवसाला 40 किलोमीटर झाले, 26 दिवसांचे 1,040. मोटारसायकल लिटरला 50 देत असेल तर जवळपास 21 लिटर पेट्रोल. भाव शंभर रुपयेच धरला तरी 2,100 रुपये. घरभाड्यात याहून कमी वाचत असेल तर वाचले काय? डबा नेला तर खर्च निम्मा होतो, पण मग मुलांना बाप रात्रीच दिसतो. हा आकडा कोणत्याच वहीत चढत नाही.

दुकान कोणत्या दिशेला आहे हेही पाहावे. बिझीलँडसारखी घाऊक कापडाची संकुले नागपूर मार्गावर नांदगाव पेठेच्या बाजूस आहेत. ज्या वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी 20 सप्टेंबर 2024 रोजी झाली, तेही नांदगाव पेठेतच. बडनेरा शहराच्या दुसऱ्या टोकाला. ज्याची गादी तिकडे, त्याला रोज सबंध अमरावती ओलांडावी लागेल. उलट ज्याची खरेदी मुंबई-भिवंडीची आहे त्याला बडनेरा सोयीचे, कारण हे मुंबई-हावडा मुख्य मार्गावरील जंक्शन आहे आणि अमरावती शाखामार्गावर.

कारागिरांची गोष्ट वेगळी. घरची बाई फॉल-पिको, काज-बटण करते ती दुकान जवळ असल्यामुळे. पोऱ्या सकाळी कपडे टाकून जातो, संध्याकाळी नेतो. घर 10 किलोमीटर दूर गेले की दुकानदार ते काम शेजारच्या गल्लीत देतो. घरातली दुसरी कमाई अशी गुपचूप बंद पडते, आणि घर निवडताना पुरुषमंडळी हे बायकांना विचारीतही नाहीत.

मुलींच्या शाळेचेही तसेच. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याखालील नियमांनुसार पाचवीपर्यंतची शाळा 1 किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची 3 किलोमीटरच्या आत असावी. पण हा नियम शाळेचा आहे, माध्यमाचा नाही. आठवीनंतर तर तोही नाही. म्हणून उर्दू माध्यमाची नववी-दहावी कुठे आहे आणि वाटेत रेल्वेफाटक किंवा महामार्ग पडतो काय, हे मुलगी तिसरीत असतानाच पाहावे.

अकोल्याकडच्यांनी पाणी चाखून घ्यावे. पूर्णा खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथे बोअर लागली तरी पाणी पिण्याजोगे निघेलच असे नाही. विकणाऱ्याच्या घरचे पाणी पिऊ नका, शेजाऱ्याच्या बोअरचे मागा, तेही मे महिन्यात.

राहिले कागद. बडनेरा 1983 पासून अमरावती महानगरपालिकेत आहे, पण हद्दीबाहेरचे प्लॉट ग्रामपंचायतीत येतात. तिथला नमुना 8 ही कराची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. सातबारा, अकृषक आदेश आणि मंजूर लेआउट मागावा. गुंठेवारीचा प्लॉट असेल तर 2001 च्या कायद्यात 2021 साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्याच प्लॉटना नियमित होण्याची वाट आहे. आणि नुसत्या नोटरीच्या कागदावर सौदा करू नये. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदल्याशिवाय जागा आपल्या नावावर होत नाही.