शिंगाळा माशाची वाढ, मृत्यू व बियाणे

पीक किती खावे आणि बियाण्यासाठी किती राखावे, हे शेतकऱ्याच्या हाती असते. समुद्रात पेरणारा कोणी नाही, कापणारे मात्र पुष्कळ. म्हणून मासे किती धरले असता साठा टिकेल, याचा हिशेब निराळ्या रीतीने करावा लागतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील शिंगाळ्याच्या उदाहरणाने तो समजावून घेऊ.

प्रथम वाढीचा विचार करू. मासा लहानपणी झपाट्याने लांब होतो, पुढे ही वाढ मंदावते, व अखेर एका सीमेजवळ जवळजवळ थांबते. वय ठरविण्यासाठी बंदरावर उतरलेल्या माशांची लांबी दरमहा मोजतात. एका हंगामात जन्मलेल्या पिलांचा जथा त्या आकड्यांत वेगळा दिसून येतो. तो महिन्यागणिक किती पुढे सरकला, यावरून वाढीचा वेग कळतो. १९४७ साली स्थापन झालेली व आता कोची येथे असलेली केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था असे मोजमाप करीत आली आहे.

आता मृत्यूचा विचार करू. मासे दोन कारणांनी घटतात: एक रोग, म्हातारपण व मोठ्या माशांचे भक्ष्य होणे, दुसरे जाळे. समजा, १००० माशांपैकी वर्षाअखेर ४०० उरतात. हेच प्रमाण चालू राहिल्यास दुसऱ्या वर्षाअखेर १६० व तिसऱ्या वर्षाअखेर ६४ उरतील. या घटीचा निम्मा भार जाळ्याचा असेल, तर जाळे नसते तेव्हा तिसऱ्या वर्षाअखेर सुमारे २५० मासे उरले असते. मोठे होऊन वीण करणारे मासे किती राहतात, हे या फरकावर अवलंबून असते.

शिंगाळ्याच्या बाबतीत हा फरक विशेष घातक आहे. पुष्कळ समुद्री मासे लाखोंनी अंडी सोडतात. शिंगाळ्याची मादी एका वेळी थोडीच अंडी देते, परंतु प्रत्येक अंडे सुमारे एक सेंटीमीटर किंवा त्याहून मोठे असते. ती अंडी नर आपल्या तोंडात घेतो व पिले बाहेर पडून स्वतंत्र होईपर्यंत कित्येक आठवडे उपाशी राहून सांभाळतो. म्हणून असा एक नर धरला की त्याच्याबरोबर सगळी पिलावळ जाते.

तसेच घडले. १९७५ नंतरच्या वर्षांत कर्नाटक किनाऱ्यावर पर्ससीन जाळी आली. ती मुख्यतः बांगडा व तारलीसाठी होती. पण शिंगाळ्याचे थवेही त्यांत सापडू लागले. तोंडात अंडी असलेले नर मोठ्या संख्येने धरले गेले व अंडी वाया गेली. काही वर्षे उत्पन्न भरघोस दिसले. पुढे ते इतके घसरले की नैर्ऋत्य किनाऱ्यावरील शिंगाळ्याची मासेमारी जवळजवळ कोलमडली.

यावरून घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे. एका वर्षाचे मोठे उत्पन्न साठा सुस्थितीत असल्याचा पुरावा नव्हे. कणगीतील बियाणे दळूनही घर काही दिवस भरल्यासारखे दिसते. विणीच्या काळात अशा थव्यांना जाळे न घालणे व वाढीच्या वयातील मासे सोडणे, हीच या माशाची राखण होय. ज्या शेतकरी बंधूंचा होड्यांत पैसा किंवा वाटा आहे, त्यांनी नाखव्याशी हंगामापूर्वीच हे ठरवून घ्यावे.