लष्करी कोठार बंद झालं, आता हक्काचं काय?

प्रश्न : मी भंडारा जिल्ह्यातला. एका लष्करी कोठारात कंत्राटदाराकडून नऊ वर्षं हमाली केली. कोठार बंद होताच उद्यापासून येऊ नका, असं तोंडी सांगितलं. काही मिळेल का?

उत्तर : मिळायला हवं, पण मागावं लागेल. अशा बंदीत कायम कर्मचारी सहसा दुसरीकडे सामावले जातात. 2017 मध्ये संरक्षण खर्चाबाबतच्या शेकटकर समितीच्या शिफारशींनंतर देशातले 39 लष्करी दुग्धफार्म बंद करायचं ठरलं, तेव्हाही कायम माणसांना इतरत्र नेमण्याचंच धोरण होतं. कंत्राटी मजुराला असं छत्र नसतं.

‘संरक्षण हा उद्योगच नाही’ असा बचाव होऊ शकतो. तुमचा मालक मात्र कंत्राटदार आहे. त्याला ती ढाल वापरणं कठीण. शेवटच्या वर्षात 240 दिवस भरले असतील, तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार मागा. ग्रॅच्युइटी वेगळी : मूळ पगार व महागाई भत्ता मिळून 12,000 रुपये धरले, तर नऊ वर्षांची साधारण 62,300. थकलेली मजुरी कंत्राटदाराने बुडवली, तर ती देण्याची जबाबदारी मूळ आस्थापनेवर येते.

मधे कंत्राटदार बदलले असतील तर नोकरी सलग होती हे सिद्ध करणं, हीच खरी लढाई. पगाराच्या पावत्या, पीएफचं पासबुक, बँकेच्या नोंदी सांभाळा. कोऱ्या कागदावर किंवा ‘स्वखुशीने सोडलं’ यावर अंगठा उमटवू नका. अर्ज भंडाऱ्याच्या राज्य कामगार कार्यालयात नको. संरक्षण आस्थापना केंद्राच्या अखत्यारीत, म्हणून नागपूरचं केंद्रीय कामगार आयुक्त कार्यालय गाठा.