गर्भातील मेंदूची जडणघडण आणि पेशींचे संदेश

गर्भधारणेनंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीवरील पेशींचा एक पट्टा दुमडून त्याची नळी बनते. मेंदू व मज्जारज्जू यांचा उगम या नळीतूनच होतो. आरंभी सारख्याच दिसणाऱ्या पेशींपैकी कोणी काय व्हावे, हे त्यांच्यातील परस्पर संदेशांनी ठरते. एक पेशी विशिष्ट प्रथिन बाहेर सोडते, शेजारच्या पेशीवरील ग्राहक ते टिपून घेतो, संदेश केंद्रकापर्यंत पोचतो आणि तेथील ठरावीक जनुके कार्यान्वित होतात.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. शुभा टोले व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर मोलाचे संशोधन केले आहे. उंदरांच्या गर्भात एका जनुकाचा अभाव असलेल्या पेशी संदेश देणारे केंद्र बनतात व त्यांच्या शेजारच्या निर्दोष पेशींपासून स्मृतीशी निगडित असा मेंदूचा भाग घडतो, असे त्यांना २००८ साली आढळून आले. जनुकाचा हा प्रभाव गर्भावस्थेतील ठरावीक काळापुरताच असतो. संदेश योग्य स्थळी व योग्य वेळी मिळणे किती महत्त्वाचे आहे, हे यावरून दिसून येते.

सर्वच संदेश शेजारून येत नाहीत. गळ्यातील अवटु ग्रंथीचे संप्रेरक रक्तावाटे मेंदूच्या पेशींपर्यंत पोचते. गर्भारपणाच्या साधारण मध्यापर्यंत गर्भ मुख्यत्वे आईच्याच संप्रेरकावर अवलंबून असतो. या संप्रेरकासाठी आयोडीन आवश्यक आहे. त्याच्या तीव्र अभावी बालकास मतिमंदत्व व बहिरेपणा येऊ शकतो. गर्भवतीस दररोज सुमारे २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. म्हणून घरात आयोडीनयुक्त मीठच वापरावे व ते झाकणाच्या कोरड्या बरणीत ठेवावे. आयोडीन नसलेले मीठ खाण्यासाठी विकण्यास २००६ पासून देशभर बंदी आहे.

पेशींच्या वाढीस फॉलिक आम्लही लागते. मेंदूची नळी २८ दिवसांच्या सुमारास, म्हणजे पुष्कळदा गर्भ राहिल्याचे कळण्यापूर्वीच मिटते. यास्तव वैद्यकीय सल्ल्याने गोळ्या गर्भधारणेपूर्वीच सुरू करणे हितावह होय.

काही बालकांची अवटु ग्रंथी जन्मतःच निकामी असते. जन्मानंतर लवकर रक्ततपासणी करून पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू केल्यास मतिमंदत्व बहुतांशी टाळता येते. मेंदूचे अनेक विकार जनुकीय कारणांनीही होतात. त्यांचा दोष मातेस देणे अथवा ग्रहदशेवर टाकणे सर्वथा अयोग्य आहे. गावातील शिक्षक व आरोग्य कर्मचारी यांनी ही माहिती घरोघरी पोचवावी.