मूल होत नाही? तपासणी दोघांची करा

लग्नाला चार-पाच वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही, की लोक बाईला वांझ म्हणतात. नवस होतात, अंगारेधुपारे होतात. दुसरी बायको करण्याची बोलणीही निघतात. घरधन्याची तपासणी मात्र कोणी करीत नाही. "गडी भाताची गोणी उचलतो, त्याला काय धाड भरली?" असे म्हणतात. पण मूल न होणाऱ्या जवळजवळ निम्म्या जोडप्यांत काही ना काही दोष पुरुषात सापडतो.

पुरुषाच्या अंडात, म्हणजे वृषणात, बारीक नळ्या असतात. त्यांत शुक्रजंतू तयार होतात. घर विटांचे, तसे शरीर पेशींचे. या नळ्यांत जंतूंना सांभाळणाऱ्या खास पेशी असतात. इटलीच्या सर्टोली नावाच्या डॉक्टरांनी १८६५ साली त्यांचे वर्णन केले. आपण त्यांना दाई-पेशी म्हणू. त्या जंतूला धरून ठेवतात, पोसतात, त्याची घाण काढतात. शिवाय एकमेकींना चिकटून बांध घालतात. रक्तातले पुष्कळ विष त्या बांधाशी अडते. खाचराचा बांध फुटला की आवणाचे काय होते, ते तुम्हांला सांगायला नको.

मुलगा वयात आला की दाई-पेशी वाढायच्या थांबतात. नंतर त्या मेल्या तर भरून निघत नाहीत. दाई कमी, तर जंतूही कमी. दाढीमिशा आणि जोर देणारा रस मात्र निराळ्या पेशी करतात. म्हणून गडी धडधाकट दिसतो, संबंधही नीट होतो, आणि वीर्यात जंतू नसतात.

हे नुकसान कशाने होते? वयात आल्यावर गालगुंड होऊन अंड सुजले तर होते. भट्टीपुढच्या सततच्या धगीने होते, कारण अंडाला अंगापेक्षा थंडावा लागतो. फवारणीच्या काही औषधांनीही होते. काही जण उघड्या अंगाने फवारणी करतात, हा निव्वळ अडाणीपणा आहे! मुंबईत परळला प्रजननावर संशोधन करणारी सरकारी संस्था आहे. तिथे नर उंदरांना बायकी रस जादा दिला, तेव्हा दाई-पेशी तयार जंतू नीट सोडीनात.

तान्ह्या मुलाचे अंड पिशवीत उतरले नसेल, तर सहा महिन्यांनंतर डॉक्टरला दाखवा. शस्त्रक्रिया वर्ष-दीड वर्षाच्या आत व्हावी.

वीर्याची तपासणी सोपी आहे, सुईसुद्धा टोचत नाहीत. आधी दोन ते सात दिवस संबंध ठेवू नये. जंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. म्हणून मोठ्या तापानंतर जंतू कमी दिसले, तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासून घ्यावे.