नवी समुद्री मत्स्यपेटी : मासे सोडण्यापूर्वीची तयारी

बेळगाव व निपाणी हा परिसर सह्याद्रीच्या पूर्वेस वसलेला आहे. वेंगुर्ल्याचा रस्ता आंबोलीचा घाट उतरून कोकणात जातो, तेव्हा कोठे समुद्र दिसतो. येथील विद्यार्थ्यांना समुद्रजीवनाची ओळख शाळेतच व्हावी, या हेतूने खाऱ्या पाण्यातील मासे काचेच्या टाकीत पाळणे हा उपक्रम स्तुत्य आहे. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उभे राहिले, ते समुद्राच्या काठीच. घाटमाथ्यावर मात्र समुद्राचे पाणी घरीच तयार करावे लागते. आणि पाणी तयार करणे म्हणजे केवळ मीठ विरघळविणे नव्हे.

मासे का मरतात?

सकाळी टाकी भरावी आणि सायंकाळी मासे सोडावेत, ही चूक सर्रास घडते. पाणी स्वच्छ दिसते. परंतु आठवडाभरात मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात व मरतात. माशांचे उत्सर्जन व उरलेले खाद्य यांपासून अमोनिया तयार होतो. समुद्राच्या पाण्याचा सामू आठाच्या वर असतो आणि अशा पाण्यात अमोनिया अधिक विषारी ठरतो.

यावर निसर्गाने योजलेला उपाय शेतकऱ्याच्या परिचयाचा आहे. कच्चे शेणखत घातल्यास तंबाखूची कोवळी रोपे जळतात. तेच खत कुजून मुरल्यावर पिकास मानवते. मातीतील काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तर दुसरे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. हे कार्य रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास उलगडून दाखविले. टाकीतही अशाच जीवाणूंची वसाहत वाढावी लागते. नव्या टाकीत ती नसते.

कृती

१. नळाच्या पाण्यातील क्लोरीन जीवाणूंस मारक असते. म्हणून पाणी एक दिवस उघड्यावर ठेवावे किंवा हायपो वापरावा.

२. स्वयंपाकाच्या मिठात समुद्रातील इतर क्षार नसतात. बाजारात मिळणारे समुद्री मीठमिश्रण वापरावे. शंभर लिटर पाण्यास साधारणतः साडेतीन किलो मिश्रण लागते. विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास असावे.

३. तळाशी धुतलेला शिंपल्यांचा चुरा व गाळणीत सच्छिद्र चिनी मातीचे तुकडे घालावेत. जीवाणू यांवरच वस्ती करतात. पोवळ्यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण असल्याने समुद्रातून आणलेली पोवळी टाकीत घेऊ नयेत.

४. पंप सतत चालू ठेवून पाण्यात कोळंबीचा लहान तुकडा टाकावा. तो कुजून अमोनिया निर्माण होतो, हेच जीवाणूंचे अन्न होय.

५. दर दोन-तीन दिवसांनी पाण्याची तपासणी करून वहीत नोंद ठेवावी. प्रथम अमोनिया वाढतो. तो उतरू लागताच नायट्राइट वाढते. शेवटी नायट्रेट दिसू लागते. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन तेथेच टिकले, म्हणजे टाकी तयार झाली. यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात.

मासे सोडल्यावर

साठलेले नायट्रेट कमी करण्यासाठी काही पाणी बदलावे व प्रथम एक-दोनच काटक मासे सोडावेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊन माशांच्या पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे. समुद्रातून पकडलेल्या माशांपेक्षा असे पैदाशीचे मासे घेणे इष्ट. बाष्पीभवनाने पाणी आटते, क्षार मात्र टाकीतच राहतात. म्हणून भर गोड्या पाण्याची घालावी. गाळणी नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच खळबळावी. वीज दीर्घकाळ खंडित झाल्यास प्राणवायूअभावी मासे व जीवाणू दोन्ही धोक्यात येतात. यास्तव बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असावा.

महिना-दीड महिना रिकामी टाकी पाहून विद्यार्थी कंटाळतील, अशी शंका शिक्षकांच्या मनात येणे साहजिक आहे. परंतु तपासणीची वही विद्यार्थ्यांच्याच हाती दिल्यास हा काळ अभ्यासाचा ठरतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांची सिद्धता आधी आणि दिसणाऱ्या जीवांचे आगमन नंतर, हा क्रम ज्यांनी स्वतः नोंदविला, त्यांना माशांचा जीव किती जपावा लागतो हे वेगळे शिकवावे लागणार नाही.