घटक ७ : अभिलेख-जतनासाठी अनुदान-प्रस्तावाचे लेखन

७.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस पुढील गोष्टी करता येतील :
• स्थानिक स्वराज्य संस्थांच्या जुन्या दप्तराचे नागरिकांच्या दृष्टीने असलेले मोल सांगता येईल.
• विनंती-अर्ज आणि अनुदान-प्रस्ताव यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• प्रस्तावापूर्वी करावयाच्या पाहणीचा तक्ता तयार करता येईल.
• प्रस्तावाचे प्रमुख भाग ओळखून त्यांतील परस्परसंबंध तपासता येईल.
• मोघम विधानांचे पडताळता येण्याजोग्या विधानांत रूपांतर करता येईल.

७.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, यापूर्वीच्या घटकांत आपण कार्यालयीन पत्र, टिप्पणी आणि अहवाल या लेखनप्रकारांचा अभ्यास केला. अनुदान-प्रस्ताव हा त्याच कुळातील लेखनप्रकार असला तरी त्याचे स्वरूप वेगळे आहे. विनंती-अर्जात अर्जदार आपली अडचण मांडतो आणि निर्णय वाचणाऱ्यावर सोपवतो. प्रस्तावात मात्र अर्जदार काही कबूल करीत असतो : इतका निधी मिळाल्यास इतके काम, इतक्या मुदतीत, या पद्धतीने पूर्ण होईल आणि ते पूर्ण झाले की नाही हे अमुक कसोटीवर तपासता येईल. म्हणून प्रस्तावाचे बळ शब्दांच्या आर्जवात नसून त्यामागील पाहणीत असते. हे सूत्र अमरावती व अकोला या जिल्ह्यांतील नगर परिषदांच्या दप्तराचे उदाहरण घेऊन आपण या घटकात समजून घेणार आहोत.

आपल्यापैकी अनेक जण नगर परिषदा, पंचायत समित्या, शाळा किंवा ग्रंथालये यांत नोकरी करीत शिक्षण घेत असतील. त्यांना या लेखनाचा उपयोग परीक्षेपुरता मर्यादित राहणार नाही.

७.३ विषय-विवेचन

७.३.१ वऱ्हाडातील दप्तर आणि त्याचे मोल

वऱ्हाड प्रांत १८५३ च्या तहाने निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यवस्थेखाली आला. १९०३ मध्ये तो मध्य प्रांताच्या प्रशासनाला जोडला गेला. पुढे १९५० पासून मध्य प्रदेश, १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्य आणि १९६० पासून महाराष्ट्र, असा या भूभागाचा प्रशासकीय प्रवास झाला. जिल्ह्यांच्या सीमाही बदलत राहिल्या. १९०५ च्या पुनर्रचनेत एलिचपूर जिल्हा अमरावतीत विलीन झाला. त्याच वेळी वाशीम जिल्हा मोडला आणि वाशीम तालुका अकोल्याकडे आला. १९९८ मध्ये वाशीम पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला. प्रत्येक बदलाबरोबर काही कागद नव्या मुख्यालयी गेले, तर काही जुन्या जागीच राहिले. त्यामुळे एकाच गावाविषयीचे कागद आज तहसील कार्यालय, जिल्हाधिकारी कार्यालय आणि नागपूरचे अभिलेखागार अशा निरनिराळ्या ठिकाणी शोधावे लागतात. भाषा आणि लिपी यांचाही प्रश्न आहे. जुन्या कागदांत मोडी, उर्दू व इंग्रजी यांचा वापर आढळतो.

या दप्तराचा विचार केवळ इतिहास-संशोधनाच्या अंगाने केला जातो. परंतु त्याची खरी गरज सामान्य नागरिकाला भासते. जात-पडताळणीचे उदाहरण घ्या. महाराष्ट्रात पुराव्याच्या दृष्टीने अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ हे दिनांक महत्त्वाचे मानले जातात. या दिनांकांपूर्वीचा, आजोबा-पणजोबांच्या नावाचा कागद अर्जदाराला शोधावा लागतो. विदर्भात तो बहुधा कोतवाल बुकाची नक्कल किंवा शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीचा उतारा या रूपाने मिळतो. शहरांत नगर परिषदेच्या जन्म-मृत्यू नोंदवह्या आणि नगर परिषद शाळांच्या नोंदवह्या हेच काम करतात. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जुने कागद आणि ते वाचू शकणारी माणसे यांची गरज साऱ्या राज्याला जाणवली.

येथे एक भाषिक सूक्ष्मता लक्षात घ्यावी. अर्जदाराला मिळणाऱ्या उत्तरात ‘नोंद आढळून येत नाही’ असा शेरा असतो. या शेऱ्याचे दोन अर्थ संभवतात : नोंद मुळात झालीच नव्हती, किंवा नोंद आहे, परंतु सूची नसल्यामुळे अथवा पान फाटल्यामुळे ती सापडली नाही. पहिल्या अर्थी कार्यालयाचा दोष नाही. दुसऱ्या अर्थी एखाद्या विद्यार्थ्याचा प्रवेश किंवा एखाद्या वारसाचा हक्क कार्यालयाच्या अव्यवस्थेमुळे बुडतो. आज हे दोन अर्थ वेगळे करता येत नाहीत. ते वेगळे करता येणे हाच अभिलेख-व्यवस्थापनाचा मुख्य हेतू असून प्रस्तावात हाच हेतू स्पष्टपणे मांडला गेला पाहिजे.

कायद्यानेही ही जबाबदारी निश्चित केली आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ (१) (क) नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचीबद्ध व निर्देशांकित ठेवावयाचे आहेत. त्याच वर्षीचा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियमही आपल्या राज्यात आहे. म्हणून प्रस्ताव लिहिणाऱ्याने कृपेची याचना करण्याचे कारण नाही. एक वैधानिक कर्तव्य पार पाडण्यासाठी तो साधन मागत असतो.

७.३.२ निधीचे स्रोत व पात्रता

प्रस्ताव कोणाकडे पाठवावयाचा हे लेखनापूर्वी ठरले पाहिजे. प्रत्येक योजनेचा हेतू निराळा असतो. राष्ट्रीय अभिलेखागार, नवी दिल्ली यांच्या अर्थसाहाय्य योजनांचा भर राज्य अभिलेखागारे, शासकीय ग्रंथालये, वस्तुसंग्रहालये आणि हस्तलिखिते सांभाळणाऱ्या नोंदणीकृत संस्था यांच्यावर आहे. ‘डिजिटल इंडिया भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम’ भूमी-अभिलेखांसाठी आहे. जुन्या भूमी-अभिलेखांच्या प्रतिमा उपलब्ध करून देणाऱ्या ‘ई-अभिलेख’ प्रकल्पातील सुरुवातीच्या मोजक्या जिल्ह्यांत अकोला आणि अमरावती यांचा समावेश होता. परंतु नगर परिषदेच्या जन्म-मृत्यू नोंदवह्या त्या कार्यक्रमाच्या कक्षेत येत नाहीत. नगर परिषदेला स्वतःचे अंदाजपत्रक आणि जिल्हा नियोजन समिती हे मार्ग प्रथम पाहावे लागतात.

परदेशांत केवळ याच कामासाठी स्वतंत्र निधी उभारल्याची उदाहरणे आहेत. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने १९८९ मध्ये स्थानिक शासनसंस्थांच्या अभिलेख-व्यवस्थापनासाठी निधी स्थापन केला. दस्तनोंदणीच्या वेळी आकारल्या जाणाऱ्या शुल्कातून तो उभा राहतो आणि स्थानिक संस्था त्यासाठी प्रस्ताव सादर करतात. दस्त नोंदविणाऱ्याच्या शुल्कातून दस्तांचे जतन व्हावे, ही कल्पना आपल्याकडेही विचारात घेण्यासारखी आहे.

योजनेची मार्गदर्शक तत्त्वे वाचताना चार प्रश्नांची उत्तरे टिपून घ्यावीत : अर्जदार कोण असू शकतो? कोणत्या बाबींवर खर्च मान्य आहे? अर्जदाराचा स्वतःचा हिस्सा किती? उपयोगिता प्रमाणपत्र केव्हा द्यावयाचे? अपात्र दारी नेलेला उत्तम प्रस्तावही परत येतो.

७.३.३ प्रस्तावापूर्वीची पाहणी

पाहणी म्हणजे अभिलेख कक्षातील कपाटानिहाय गणती. प्रत्येक नोंदवहीसाठी पुढील माहिती एका तक्त्यात भरावी : (१) नोंदवहीचे नाव, (२) वर्षे, (३) पानांची संख्या, (४) भाषा व लिपी, (५) वर्ग, (६) स्थिती, (७) मागील वर्षभरात किती वेळा मागणी झाली.

‘वर्ग’ या स्तंभाविषयी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. शासकीय कार्यालयांत अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्गीकरण केले जाते. ‘अ’ वर्गाचे अभिलेख कायम जपावयाचे असतात. ‘ब’ वर्गाचे सामान्यतः ३० वर्षे, ‘क’ वर्गाचे त्याहून कमी काळ, तर ‘ड’ वर्गाचे अल्पकाळ ठेवून नष्ट करावयाचे असतात. सहा गठ्ठा पद्धतीत अभिलेख कक्षात पाठवावयाची प्रकरणे आणि नष्ट करावयाची प्रकरणे यांचे गठ्ठे स्वतंत्र असतात, ते याचसाठी. ही विभागणी न करता संपूर्ण खोलीच्या जतनाचा खर्च मागितला, तर टाकाऊ कागद जपण्यासाठी अनुदान मागितल्यासारखे होते.

‘स्थिती’ या स्तंभात ‘खराब’ असे न लिहिता नेमके कारण लिहावे : वाळवी, कसर, ओल, ठिसूळ कागद, उसवलेली शिवण, पुसट शाई. वऱ्हाडातील कडक उन्हाळ्यात कागद ठिसूळ होतो आणि पावसाळ्यात गळक्या छताखाली तो ओल धरतो. कारण वेगळे असेल तर उपाय आणि खर्चही वेगळा असतो. वाळवी लागलेल्या खोलीत नवी लाकडी मांडणी घेणे म्हणजे वाळवीला खाद्य पुरविणे होय.

७.३.४ प्रस्तावाचे भाग

प्रस्तावात सामान्यतः सहा भाग असतात : अर्जदार संस्थेचा परिचय, गरजेचे निवेदन, उद्दिष्टे, कार्यपद्धती व वेळापत्रक, अंदाजपत्रक आणि प्रकल्पानंतरची व्यवस्था. परिचय एका परिच्छेदात संपवावा. उरलेल्या भागांत एक साखळी असते : गरजेत न आलेली बाब उद्दिष्टात येऊ नये आणि उद्दिष्टाशी न जुळणारा रुपया अंदाजपत्रकात येऊ नये.

वेळापत्रक कसे काढावे हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. पुढील आकडे केवळ हिशोब समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, एका नगर परिषदेत ‘अ’ वर्गाच्या ६०० नोंदवह्या असून प्रत्येकीत सरासरी २०० पाने आहेत. पाने १,२०,००० झाली. दोन्ही बाजू धरता प्रतिमा २,४०,००० झाल्या. दोन कर्मचारी रोज प्रत्येकी ६०० प्रतिमा घेत असतील, तर दिवसाला १,२०० प्रतिमा होतात. कामाला कामकाजाचे २०० दिवस लागतील. ‘तीन महिन्यांत काम पूर्ण होईल’ असे विधान येथेच खोटे ठरते.

आता सूचीकडे वळू. समजा, यांपैकी १५० नोंदवह्या जन्म-मृत्यूच्या असून प्रत्येक बाजूवर सरासरी १० नोंदी आहेत. म्हणजे ६,००,००० नोंदी झाल्या. एक व्यक्ती दिवसाला ४०० नोंदी संगणकावर चढवीत असेल, तर १,५०० मनुष्यदिवस लागतील. याचा अर्थ असा की, प्रतिमा घेण्याच्या ४०० मनुष्यदिवसांच्या जवळजवळ चौपट श्रम सूचीला लागतात. अनेक प्रस्तावांत सूचीची तरतूदच नसते. अशा वेळी कागदावरील अंधार पडद्यावर येतो इतकेच. नोंद पूर्वीइतकीच दुर्लभ राहते.

मग काय करावे? येथे मागणीचा स्तंभ आणि ७.३.१ मधील दिनांक उपयोगी पडतात. या १५० पैकी १९६७ पर्यंतच्या नोंदवह्या ४० असतील, तर नोंदी १,६०,००० आणि श्रम ४०० मनुष्यदिवस होतात. दोन व्यक्ती हे काम २०० दिवसांत, म्हणजे प्रतिमांच्या कामाबरोबरच पूर्ण करतील. उरलेल्या नोंदवह्यांची सूची दुसऱ्या टप्प्यात करता येईल. प्राधान्यक्रम असा कारणासहित मांडला की, छाननी समितीला निर्णय करणे सोपे जाते.

अंदाजपत्रकात दुरुस्ती (निराम्लीकरण, पातळ कागदाचे अस्तर, पुनर्बांधणी), लोखंडी मांडणी, प्रतिमाकरण, सूची, मोडी-वाचकाचे मानधन आणि प्रतिमांची दुसऱ्या ठिकाणी ठेवावयाची प्रत या बाबी स्वतंत्र दाखवाव्यात. प्रकल्पानंतर मूळ कागद नष्ट केले जाणार नाहीत, हे स्पष्ट लिहावे.

गोपनीयतेची तरतूदही याच भागात येते. जन्म-मृत्यूच्या नोंदीत मृत्यूचे कारण, जात, पालकत्व अशी खासगी माहिती असते. ती सर्वांसाठी खुली न करता नकलेसाठी अर्ज करण्याची रीत कायम ठेवावी.

७.३.५ प्रस्तावाची भाषा

पुढील दोन उतारे तुलना करून वाचा. दुसऱ्या उताऱ्यातील आकडे नमुन्यादाखल आहेत.

(अ) “आमच्या नगर परिषदेचे अत्यंत दुर्मीळ व महत्त्वपूर्ण अभिलेख दयनीय अवस्थेत असून त्यांचे जतन ही काळाची गरज आहे. तरी भरीव अनुदान मंजूर व्हावे, ही नम्र विनंती.”

(आ) “१९६७ पर्यंतच्या ४० जन्म-मृत्यू नोंदवह्यांपैकी ११ नोंदवह्यांची शिवण उसवली आहे आणि ६ नोंदवह्यांना वाळवी लागली आहे. एकाही नोंदवहीला नावांची सूची नाही. गेल्या तीन महिन्यांत नकलेसाठी आलेल्या ९० अर्जांपैकी २७ अर्जांवर ‘नोंद आढळून येत नाही’ असा शेरा देण्यात आला. त्यांपैकी किती नोंदी खरोखर नाहीत, हे सूचीअभावी सांगता येत नाही.”

पहिला उतारा कोणत्याही गावाला आणि कोणत्याही वस्तूला लागू पडेल. दुसरा एकाच कार्यालयाचा आहे आणि तो कपाट उघडून पडताळता येतो. त्यात ‘दयनीय’ हा शब्द नाही. तरीही दैन्य कळते. मात्र आकडा फुगविण्याचा मोह टाळावा. पाहणीस आलेल्या अधिकाऱ्याला एक आकडा चुकीचा आढळला की उरलेल्या सर्व आकड्यांवरील विश्वास जातो.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(१) ‘नोंद आढळून येत नाही’ या शेऱ्याचे दोन संभाव्य अर्थ सांगा.
(२) वरील उदाहरणात १९६७ पर्यंतच्या नोंदवह्यांना प्राधान्य का दिले आहे?
(३) पाहणीच्या तक्त्यात ‘खराब’ असा शेरा का पुरेसा नाही?

७.४ सारांश

वऱ्हाडच्या बदलत्या प्रशासकीय इतिहासामुळे येथील दप्तर विखुरलेले व बहुलिपी आहे. त्यातील एका नोंदीवर नागरिकाचा हक्क अवलंबून असू शकतो. अनुदान-प्रस्ताव हे या दप्तराविषयीचे पडताळता येणारे वचन असते. पाहणीतून गरज, गरजेतून उद्दिष्ट, उद्दिष्टातून वेळापत्रक व खर्च अशी त्याची रचना असते. प्रतिमाकरणापेक्षा सूचीचे काम मोठे असू शकते. म्हणून प्राधान्यक्रम ठरवावा लागतो. विशेषणांच्या जागी मोजलेली माहिती देणे हा या लेखनाचा प्रमुख भाषिक गुण होय.

७.५ पारिभाषिक शब्द

अभिलेख : कार्यालयीन कामकाजातून निर्माण झालेला व जपून ठेवलेला कागद किंवा नोंद.
दाखल-खारीज नोंदवही : विद्यार्थ्यांच्या शाळाप्रवेशाची व शाळा सोडल्याची नोंदवही.
निराम्लीकरण : कागदातील आम्लता कमी करण्याची प्रक्रिया.
मनुष्यदिवस : एका व्यक्तीचे एका दिवसाचे काम.
उपयोगिता प्रमाणपत्र : मिळालेला निधी मंजूर कारणासाठीच खर्च झाल्याचे प्रमाणपत्र.

७.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

(१) नोंद मुळातच झालेली नसणे. किंवा नोंद असूनही सूचीच्या अभावी अथवा पान खराब झाल्यामुळे ती न सापडणे.
(२) जात-पडताळणीसाठी महत्त्वाचे मानले जाणारे दिनांक १९५० ते १९६७ या काळातील असल्यामुळे त्यापूर्वीच्या नोंदींची गरज नागरिकांना अधिक भासते. शिवाय हे काम उपलब्ध मुदतीत पूर्ण होऊ शकते.
(३) खराबीचे कारण कळल्याशिवाय उपाय आणि खर्च ठरविता येत नाही.

७.७ स्वाध्याय

(१) विनंती-अर्ज आणि अनुदान-प्रस्ताव यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
(२) “सूचीविना प्रतिमाकरण अपुरे आहे.” या विधानाची चर्चा करा.
(३) उपक्रम : आपल्या गावातील शाळा, ग्रामपंचायत किंवा ग्रंथालय यांच्या प्रमुखांची परवानगी घेऊन दहा जुन्या नोंदवह्यांची ७.३.३ मधील तक्त्यानुसार पाहणी करा आणि तिच्या आधारे दोनशे शब्दांत गरजेचे निवेदन लिहा. निवेदनात कोणाही व्यक्तीचे नाव येणार नाही याची दक्षता घ्या.