टेम्पोला दुसरा अल्टरनेटर : आधी अँपिअरचा हिशेब

आठवडी बाजारात टेम्पोलाच दुकान करून कापड विकणारे अनेक बांधव आहेत. फाळके उघडायचे, दांडीवर साड्या आणि ड्रेसचे कापड टांगायचे आणि मगरिबनंतर दिवे लावून धंदा करायचा. दिवे वाढले की बॅटरी उतरते आणि रात्री गाडी ढकलावी लागते. मग कोणीतरी सल्ला देतो, "दुसरा अल्टरनेटर बसवून टाका." सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. आम्ही कापडवाले असल्याने पान्याशी आमचा संबंध कमी. जमा-खर्चाशी मात्र रोजचा. येथे प्रश्न जमा-खर्चाचाच आहे.

बारा व्होल्टच्या गाडीत इंजिन चालू असताना व्होल्टेज सुमारे १४ असते. दिव्यांचे एकूण वॅट भागिले १४ केले की किती अँपिअर लागतात ते कळते. समजा, पन्नास वॅटचे आठ हॅलोजन लावले. झाले ४०० वॅट, म्हणजे जवळजवळ २९ अँपिअर. ही खर्चाची बाजू झाली. जमेच्या बाजूला गाडीचा अल्टरनेटर, आणि त्यावर लिहिले आहे ४५ अँपिअर. मग अडचण कोठे आली?

अडचण त्या लिहिलेल्या आकड्यात आहे. हा आकडा अल्टरनेटर मिनिटाला सुमारे सहा हजार फेरे फिरत असतानाचा असतो. बाजारात गाडी उभी, इंजिन मंद चालीवर. पुलीच्या मापामुळे अल्टरनेटर इंजिनच्या दोन-अडीच पट वेगाने फिरतो खरा, तरी तेथे पंधराशे ते दोन हजार फेरेच मिळतात. या चालीवर लिहिलेल्या आकड्याच्या निम्मे मिळाले तरी पुष्कळ. म्हणजे जमा वीस-बावीस आणि खर्च एकोणतीस. तूट बॅटरीतून भरली जाते आणि तीन तासांत वीस-पंचवीस अँपिअर-तास निघून जातात. ८० अँपिअर-तासांची बॅटरी आधीच जुनी असेल, तर तिला सेल्फ मारण्याइतकाही दम राहत नाही.

दुसरा अल्टरनेटरही याच कायद्याने चालतो. पासष्टचा आणला तरी उभ्या गाडीत तीसच्या आसपासच देणार. शिवाय ही वीज फुकट नाही. ४०० वॅट काढण्यासाठी इंजिनकडून जवळजवळ एक अश्वशक्ती जाते, कारण अल्टरनेटर घेतलेल्या शक्तीपैकी बरीच उष्णतेत घालवतो. तीन तास इंजिन चालू ठेवायचे तर डिझेल जळते, धूर गिऱ्हाइकाच्या तोंडावर येतो, आणि टांगलेल्या कापडाला त्याचा वास लागतो तो वेगळाच.

म्हणून पहिला उपाय खर्च कमी करण्याचा. आठ हॅलोजनऐवजी आठ-आठ वॅटचे आठ एलईडी लावले तर एकूण ६४ वॅट, म्हणजे पाच अँपिअरच्या आसपास. इंजिन बंद ठेवून तीन तासांत पंधरा-सोळा अँपिअर-तास जातात आणि चांगली बॅटरी तेवढे सहज पेलते. यावर कापडवाल्यांची एक तक्रार असते, आणि ती खरी आहे. स्वस्त एलईडीखाली मरून रंग तपकिरी दिसतो, गिऱ्हाईक घरी जाऊन फसल्यासारखे परत येते. त्यासाठी डब्यावर सीआरआयचा आकडा पाहावा. तो ९० किंवा अधिक असेल तर रंग बऱ्यापैकी खरा दिसतो. असा दिवा थोडा महाग पडतो, पण दुसऱ्या अल्टरनेटरच्या खर्चापुढे ती रक्कम किरकोळ आहे.

एवढे करूनही भार मोठाच राहिला, उदाहरणार्थ दिव्यांबरोबर पंखे, लाउडस्पीकर आणि शिलाई मशीन, तर दुसरा अल्टरनेटर जरूर बसवावा. पण त्याचे खाते वेगळे ठेवावे : त्याची स्वतःची बॅटरी, त्यावर फक्त बाजाराचे दिवे. दोन्ही अल्टरनेटर एकाच बॅटरीला जोडले तर दोघांचे रेग्युलेटर नेमक्या एकाच व्होल्टेजला बसत नाहीत. ज्याचा आकडा थोडा वर, तो सगळे ओझे ओढतो आणि दुसरा आरामात फिरत राहतो. बॅटरीशिवाय थेट दिवे जोडणे तर त्याहून वाईट. दिवे एकदम बंद केले की व्होल्टेज उसळते आणि डायोड जातात.

पट्ट्याकडे मिस्त्री लोक बहुधा दुर्लक्ष करतात. पाण्याच्या पंपाचाच पट्टा दुसऱ्या अल्टरनेटरवरून फिरवला आणि तो तुटला, तर इंजिन तापून हजारोंचा खर्च येतो. क्रँकच्या पुलीला वेगळी खाच व वेगळा पट्टा हवा. पुल्या एका रेषेत नसतील तर पट्टा महिनाभरात झिजतो. ब्रॅकेटला वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरी आणि अल्टरनेटर, दोन्हींच्या वायरी सोडवाव्यात.

वायर पातळ घेऊ नये. पाच मीटर लांबीच्या अडीच चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीतून ३० अँपिअर नेले तर एक व्होल्ट वाटेतच जातो. दहा चौरस मिलिमीटर घेतली तर पाव व्होल्ट. हॅलोजनला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळाले की उजेड सुमारे तीस टक्के कमी होतो. फ्यूज बॅटरीजवळच हवा, दिव्याजवळ नव्हे. पत्र्याच्या कडेवर वायर घासून उघडी पडली आणि मध्ये फ्यूज नसला, तर आग लागते ती कापडाच्या गाठींना.

कायद्याचेही पाहावे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत फेरफार करण्यावर बंधने आहेत, आणि पुढच्या बाजूस सर्चलाईट लावण्यास परवानगी लागते. आरटीओ व विमा कंपनी, दोन्हीकडे आधी विचारावे. २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांपैकी अनेकींत अल्टरनेटर संगणकाच्या ताब्यात असतो. तेथे कंपनीच्या वर्कशॉपखेरीज कोणाला हात लावू देऊ नये.

काम ताब्यात घेताना सगळे दिवे लावून, मंद चालीवर, दुसऱ्या बॅटरीवर मीटर धरायला सांगावे. १३.८ ते १४.४ दिसले तर ठीक. १२.६ च्या खाली आले तर दिवे बॅटरीवरच जळत आहेत. अर्ध्या तासाने प्रत्येक जोडावर बोट ठेवून पाहावे. जो जोड गरम लागेल, तो पैसे देण्यापूर्वी पुन्हा करून घ्यावा.